विहीणबाईंचा डबा

शिवणकाम करणारी एक बाई दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारी एक आजोबा-आजी होते. आजींच्या मांडीवर परदेशातून आलेला पत्र्याचा डबा होता.

"अहो, एक खाऊन तर बघा. आपल्या लेकीने पसंत केलेल्या मुलाच्या आईने स्वतः केलंय."

"कुठला मुलगा? लग्नाला मी अजून होकार दिलेला नाही."

"नका देऊ. तोंड तेवढं उघडा."

"हा तर साबण दिसतोय."

"मग फेस येतो का बघा."

"अगं, गुलाबाचा वास आहे याला! आत पिस्ताही लागतोय. आणि ही मेणबत्ती कशाला पाठवली?"

"मेणबत्ती नाही हो. अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या रसात बुडवलेत. लेक म्हणाली, दोरा तेवढा खाऊ नका."

"वा! चिवट आहे, पण वा!"

"दाढ दुखत होती ना तुमची?"

"दुखू दे. दुसरीकडून चावतोय. बरं, विहीणबाईंना विचार, आपण त्यांना काय पाठवायचं?"

"कोणाला विचारू?"

"ऐकू आलंय तुला!"

शिवणवाली खुदकन हसली आणि कळवळून तिने गाल दाबला.

"घ्या हो ताई, तुम्हीपण एक घ्या," आजी म्हणाल्या. "आमच्या लेकीचं लग्न ठरलंय."