लाल नाही

(जव्हार संस्थानचा दवाखाना. डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशी, कंपाउंडर अंताजी दाराशी. दाभोशाचा फागू उकिडवा बसला आहे.)

डॉक्टर: लाल नाही म्हणजे रोगी बरा आहे, असं मी म्हणालो होतो का, अंताजी?

अंताजी: नाही साहेब. पण बाजारात हा फागू धोतराला धरून बसला. भावाच्या थुंकीत क्षयाचे लाल किडे दिसले का, एवढंच सांगा म्हणाला. मी म्हटलं, लाल नाही. यात खोटं काय बोललो?

फागू: तेवढ्यावर आमी नवसूला घरात घेतला. पाड्यानं त्याला माळावर झोपडीत ठेवला होता. आता पोरांच्या मधी निजतो. हसतो पण.

डॉक्टर: घाई केलीस. इकडे ये. ती थुंकी मी दोन काचांवर पसरली. पहिलीला लाल रंग दिला आणि तेजाबानं धुतली. क्षयाचे जंतू असते तर धुऊनही लालच राहिले असते. तसं काही राहिलं नाही. दुसरीला निळा दिला. त्यात माणसाच्याच मांसाचे कण दिसतात, पेशी म्हणतात त्यांना. बघ या नळीतून.

फागू: नागली सांडल्यागत दिसते.

अंताजी: साहेब, याच्या बघण्यावर जाऊ नका. मागे डोळ्यात घालायचं औषध गुडघ्याला चोळून आला होता.

फागू: मी गुडघाच सांगितला होता. औषध तुमी डोळ्याचं दिलंत.

डॉक्टर: नागली बरोबर म्हणालास. निरोगी पेशी ऐसपैस असतात, सुट्या. या बारीक, काळपट, एकमेकींना दाबून बसल्यात. छातीत गाठ वाढते, तिचे हे कण. त्या गाठीच्याही जाती असतात. एकीच्या पेशी माशाच्या खवल्यासारख्या चपट्या. ती त्यातल्या त्यात सावकाश वाढते. ही दुसरी.

फागू: ही कशी वाढते?

डॉक्टर: थांबत नाही. काच मुंबईला दाखवायला पाठवतो, माझी चूक निघाली तर बरंच. पण नवसूचं मला कोडं पडलंय. पोरगा तरणा. संध्याकाळी ताप, रात्री घाम, वाळून काडी झालेला. हे सगळं क्षयाचं. आणि काच काही भलतंच सांगते. थुंकी मी दिलेल्या डबीतच ना? सकाळची, चूळ भरायच्या आधीची?

फागू: डबीतच. सकाळची. तोंड नव्हता धुतला.

डॉक्टर: कोणी?

फागू: साहेब, आजाऱ्याची थुंकी कोणी घराबाहेर देतो का? नख, केस, थुंकी परक्याच्या हाती लागली का भुताळी त्यावर करणी करते. नवसूची बायको पोशी डबीला हात लावीना. भगत पण नको म्हणाला. तुमी तर थुंकीशिवाय सांगणार नव्हता.

अंताजी: मग त्या डबीत होतं काय?

फागू: थुंकीच. आमी एका आयच्या पोटचे. दोघांचा रगत एक, मग थुंकी काय दोन असंल?

डॉक्टर: म्हणजे नवसूची काच मी अजून पाहिलेलीच नाही. अंताजी, डबी घेऊन दाभोशाला निघा. थुंकी तुमच्या डोळ्यांदेखत घ्या. आणि आधी पोरांना त्याच्यापासून लांब निजवा.

अंताजी: निघतो साहेब. भगतालाही मीच समजावतो. बाजारात बोललो तेही माझंच तोंड.

फागू: त्याला परत माळावर नाय ना घालणार?

डॉक्टर: नाही. पडवीत राहू दे, घरच्यांच्या नजरेसमोर. फागू, तुला खोकला कधीपासून आहे?

फागू: मना कसला खोकला. सकाळी ढास लागते, ती विडीची. कधी थोडा तांबडा पडतो, तो पण विडीचाच. अंताजी, पोशीला सांगा मी सांजेला येतो.

डॉक्टर: सदरा काढ. पाठ माझ्याकडे कर.

फागू: माझी कशाला बघता, साहेब? मी तर दाभोशाहून चालत आलोय.