उजव्या बाजूचा ब्रेक

आम्ही जातीचे तांबट. उदगीरच्या पलीकडं आमचं गाव, तिथं आजोबा हंडे-घागरी ठोकायचे, अन् वडील पोरवयात हैदराबादला आले ते इथलेच झाले. जामबागेच्या एका बोळीत आमचं दुकान होतं, दुकान म्हणजे काय, एक ओटा, एक भाता अन् दिवसभर ठक ठक. माझं नाव किशन. शाळेत मराठी शिकलो, गल्लीत दक्खनी, गिऱ्हाइकांकडून तेलुगू, म्हणून माझी बोली अशी खिचडी आहे, तुम्ही लिहिताना नीट करा नाहीतर राहू द्या तशीच. मग घरोघरी स्टील आलं अन् तांब्याला कुणी विचारेना, तवा वडील म्हणले आता तू मोटारीचं शीक. काचिगुड्याला एका डेंटिंगवाल्याकडं लागलो, तांब्याचा हात पत्र्याला बसला, अन् पुढं बरकतपुऱ्याच्या अंगाला माझं स्वतःचं शेड झालं. इंजिनाचं काम करीमभाई बघतो, पत्रा मी बघतो. आम्ही दोघं इतकी वर्षं सोबत आहोत की भांडण झालं तरी जेवण एकत्रच.

मृणालताई पहिल्यांदा शेडवर आल्या त्या ऑटोनं. हिमायतनगरला राहणाऱ्या, माहेर पुण्याचं, मराठी अगदी चापूनचोपून नेसल्यासारखी. उजवा पाय जरा ओढत चालायच्या. मला म्हणाल्या, तुम्हीच का किशनकाका, माझ्याकडं एक गाडी आहे, बघायला याल का. मी म्हणलो कोणती गाडी, तर म्हणाल्या बघितल्यावर कळेल.

काय सांगू तुम्हाला, त्यांच्या घरामागच्या शेडमधली ताडपत्री काढली अन् करीमभाई उकिडवा बसून बघायलाच लागला. इटलीची गाडी. लाल, दोन माणसांची, जमिनीला चिकटून बसलेली, नाक असं पुढं काढलेलं जसा मासा पाण्यात जातो. अंग सगळं अल्युमिनियमचं, हातानं ठोकून केलेलं. एका जहागीरदाराच्या घरातल्या कुणी तरी ती परदेशातून आणली होती, मग कोठीत पडून राहिली, उंदरांनी खाल्ली, अन् ताईंच्या मिस्टरांनी, अनिरुद्ध साहेबांनी, ती उचलून आणून स्वतःच्या हातानं उभी केली. साहेब इंजिनियर होते, पण सुट्टीच्या दिवशी ग्रीसमध्ये कोपरापर्यंत. अशा गाड्या जगात बोटावर मोजण्याएवढ्या राहिल्यात म्हणे. पण आम्ही बघितली तवा तिची डावी बाजू पुढून पार चिरडलेली होती.

ताईंनीच सांगितलं, उभ्या उभ्या, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. गाडी परदेशातली, म्हणून स्टिअरिंग डावीकडं. साहेब डावीकडं चालवत होते, ताई उजवीकडं बसल्या होत्या. शामीरपेटच्या रस्त्याला सकाळी सकाळी म्हैस आडवी आली, तिला वाचवायला गेले अन् गाडी चिंचेला धडकली. साहेब जागच्या जागी गेले. ताईंचा घोटा मोडला, बाकी काही नाही. बाकी काही नाही, असंच म्हणाल्या. तेव्हापासून कैक वर्षं गाडी ताडपत्रीखाली.

मी विचारलो, मग आता काय करायचं ताई. म्हणाल्या, होती तशी करायची, रंगसुद्धा तोच. फक्त एक बदल. स्टिअरिंग उजवीकडं घ्यायचं.

करीमभाई एकदम बोलला, अम्मा, ऐसी गाडी को काटते क्या, नक्को, लोगां गाली देंगे हमको. अन् खरं आहे ते, स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे नुसतं चाक उचलून इकडचं तिकडं नाही, इंजिनामागची पत्र्याची भिंत कापा, डॅशबोर्ड उलटा करा, पेडल सरकवा, खालचे दांडे नवे घडवा. जुन्या गाडीवाल्यांच्या हिशेबात हे म्हणजे देवाच्या मूर्तीला दुसरं नाक बसवणं. ताई ऐकून घेतल्या अन् म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसऱ्याकडं जाईन, पण तुमच्या हातनं व्हावं असं वाटतं. कामून, ते नाही सांगितल्या.

आणली गाडी शेडवर. आधी मी डावं दार घेतलो. आता हे दार तुम्हाला सांगायलाच पाहिजे. बाहेरून मार लागला की पत्रा आत जातो, हे लेकरालाही कळतं. पण या दाराला वरच्या अंगाला एक फुगवटा होता तो आतून बाहेर आलेला. हात फिरवलो अन् माझ्या लक्षात आलं, हा खांदा आहे. माणसाचा खांदा. मी हात काढून घेतलो. करीमभाईला दाखवलो तर तो वजू करायला गेला, नमाजाआधी हातपाय धुतात तसे धुवायला.

ठोकून बसवलो मी तो. अल्युमिनियमला साबण चोळून तापवायचं, साबण काळा पडला की पत्रा मऊ होतो, मग खाली लोखंडी ठोकळा धरून लाकडी मोगरीनं हळूहळू. बसला. सपाट झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं, शेडचा पत्रा तापला, अन् आम्ही जेवत होतो तवा दारातून आवाज आला, टक. जाऊन बघतो तर फुगवटा परत वर. तसाच, तिथंच. मला कारण माहीत आहे हो, एकदा ताणला गेलेला पत्रा आखडत नाही, त्याला जायला जागा नसते, उन्हानं फुगला की उसळतो. वडील तांब्याचंही असंच सांगायचे. पण कारण माहीत असणं वेगळं अन् रोज दुपारी घास हातात धरून तो आवाज यायची वाट बघणं वेगळं. मी बसवायचो, तो उठायचा. जसं कुणी आतून खांद्यानं ढकलतंय, मला बाहेर येऊ द्या. बायको म्हणली तुमचं जेवण कमी झालं. करीमभाई संध्याकाळी शेड बंद करताना लोबानाचा धूर फिरवायला लागला. मी हसलो नाही त्याला.

ताई मधूनमधून यायच्या. आल्या की गाडीत बसायच्या, उजवीकडं, जिथं त्या दिवशी बसल्या होत्या. इंजिन नाही, काचा नाहीत, सीट म्हणजे नुसता सांगाडा, त्यावर गोणपाट टाकून बसायच्या. समोर बघायच्या. मी माझं काम करायचो. एक दिवस करीमभाईनं मला कोपर मारलं अन् डोळ्यानं खाली दाखवलं. ताईंचा उजवा पाय. तो मोडलेला पाय. खाली काहीच नव्हतं, नुसती जमीन गाडीची, पण पाय दाबत होत्या. सोडायच्या, परत दाबायच्या. चेहरा अगदी शांत, पायाला काय चाललंय ते जसं त्यांना माहीतच नाही.

मग त्यांचे दीर आले पुण्याहून, श्रीकांत साहेब, अनिरुद्ध साहेबांचे धाकटे भाऊ. कुणीतरी त्यांना कळवलं असेल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. आले, गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले, अन् डोळे भरून आले त्यांचे. मग म्हणाले, वहिनी, ही गाडी दादानं एकेक स्क्रू शोधून उभी केली, तो जिथं बसायचा ती जागा तुम्ही पुसून टाकताय. दुरुस्त करा, मी काही म्हणत नाही, पण कापू नका. त्याचं दुसरं काय उरलंय आपल्याकडं.

ताई म्हणाल्या, माझ्याकडं पुष्कळ उरलंय, श्रीकांत.

मग हे कशासाठी, ते म्हणाले. चालवायचीच असेल तर डावीकडून चालवा. शिकाल तुम्ही.

ताई म्हणाल्या, मी त्याच्या जागेवर बसणार नाही. मी माझ्याच जागेवर बसणार. अन् उठून बाहेर ऑटोत जाऊन बसल्या. दीर माझ्याकडं वळून म्हणाले, काका, तुम्ही वडीलधारे आहात, थोडे दिवस थांबा, माझ्यासाठी. मी थांबलो. काय करू, दोघंही त्याच एका माणसासाठी रडत होते, मी कुणाच्या बाजूनं मोगरी उचलू.

पण रिकामा हात मला जमत नाही. कापायचं नाही तर नाही, साफ तरी करू म्हणून मी उजव्या बाजूचा गालिचा उचलला. कुजलेला होता, निघता निघेना, खरवडून काढलो. अन् खालच्या पत्र्यात एक खड्डा. खालून दगड लागला असता तर पत्रा वर आला असता, हा वरून खाली गेलेला. टाचेएवढा, पुढं पंजाचा उतार. काय सांगू तुम्हाला, मी तिथंच मांडी घालून बसलो. एवढा जाड पत्रा, त्याला दाबायला मला हातोडी लागते. त्या बाईनं पायानं दाबला होता. घोटा कशानं मोडला ते मला तवा कळलं.

श्रीकांत साहेब अजून हैदराबादेतच होते, हॉटेलात. मी फोन लावलो, म्हणलो साहेब, एकदा येऊन जा. आले. मी त्यांचा हात धरून वाकवलो अन् दाखवलो. त्यांना कळेना. मग सांगितलो, ताई इथं बसल्या होत्या, ब्रेक तिकडं होता. इथं काही नव्हतं. अजून येऊन बसतात तवा त्यांचा पाय इथंच दाबतो. श्रीकांत साहेबांनी मग बूट काढले, आत बसले, अन् स्वतःचा पाय त्या खड्ड्यात ठेवला. त्यांच्या पायाला तो लहान पडला. बाहेर येऊन म्हणाले, वहिनी हे कधी बोलल्या नाहीत. मी म्हणलो, आम्हालाही नाही बोलल्या. ते म्हणाले, कापा काका. त्यांना ब्रेक द्या.

नंतर ताईंना मी विचारलो, तो तुकडा कापावा लागेल, पेडल तिथंच बसतं, ठेवू का तुमच्यासाठी. म्हणाल्या, नको, भंगारात द्या. मग जरा वेळानं आपणहून म्हणाल्या, काका, मी बसमध्ये दाबते, ऑटोत दाबते, मुलीच्या गाडीत दाबते, ती चिडते माझ्यावर. झोपेत दाबते. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मला माहीत आहे त्या दिवशी माझ्या पायाखाली ब्रेक असता तरी काही झालं नसतं. चिंच जवळच होती. पण पायाला कोण सांगणार.

केलं मग काम. करीमभाईनं आधी जीभ चावली पण हात लावला तो मन लावून, दांडे असे घडवले की बघणाऱ्याला वाटावं इटलीतूनच तसे आले. डॅशबोर्ड मी नवा ठोकलो. डावं दार, तेही शेवटी बसलं, जागोजागी तापवून ओल्या फडक्यानं गार करत करत त्याला आखडायला लावलो. रंग चढला. ते दार बसलं त्या दिवशी मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. दुपारी जेवताना शेड एकदम गप्प, अन् मला कुणाला तरी बाहेर काढून दार लावून घेतल्यासारखं झालं.

गाडी तयार झाली. ताईंनी मधल्या काळात पायाचे व्यायाम करून, साध्या गाडीवर हात बसवून घेतला होता. रविवारी सकाळी आल्या. करीमभाई म्हणला मैं नै बैठता, तुम बैठो. म्हणून मी बसलो डावीकडं. समोर चाक नाही, पेडल नाही, गुडघ्यापुढं मोकळी जागा. साहेब जिथं गेले ती जागा. माझ्या खांद्याला ते दार टेकलं होतं, मीच सपाट केलेलं, अन् मी अंग चोरून बसलो.

ताईंनी सुरू केली. नारायणगुड्यापर्यंत गेलो, रस्ता रिकामा होता, चहाच्या गाड्यांवरची माणसं वळून वळून बघत होती. सिग्नल आला. ताईंनी ब्रेक दाबला अन् गाडी थांबली, अलगद, पाण्यात नाव थांबावी तशी. त्यांनी पाय तसाच ठेवला. हिरवा लागला तरी ठेवला. मागून हॉर्न वाजायला लागले. मग एक श्वास सोडला, लांब, अन् पुढं निघालो.

थोडं पुढं रस्ता खोदलेला होता, धूळ उडत होती. ताई समोरच बघत होत्या, अगदी सहज म्हणाल्या, अनी, काच वर कर ना, धूळ येतेय.

अनी म्हणजे साहेब, अनिरुद्ध साहेब. मी काच वर केलो. अन् तोंडातून निघून गेलं, हां.

ताई गाडी चालवत राहिल्या. चेहऱ्यावर काही बदल नाही, फक्त शेडपाशी आल्यावर म्हणाल्या, थँक यू किशनकाका. ते कशाबद्दल ते मी विचारलो नाही.

आता वर्ष होऊन गेलं. ताई रविवारी गाडी काढतात, कधी मुलगी सोबत असते, कधी एकट्याच. श्रीकांत साहेब आले की तेही बसतात. ताई गाडी तेल-पाण्याला शेडवर आणतात तवा चहा होतो, मला काका म्हणतात, तब्येत विचारतात, पण त्या एका गोष्टीचं आम्ही दोघंही नाव काढत नाही. माझं वय झालं, कानानं कमी ऐकू येतं, मुलगा म्हणतो शेड द्या कुणाला तरी. देऊन टाकीन. पण कधी निवांत बसलो की ते आठवतं. आमची आई सांगायची, तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर ओ देऊ नये, हाक आपल्यासाठी नसली तर? मी तर भर सकाळी ओ दिलो, ते बी मेलेल्या माणसाच्या नावाला. मला त्याचं काय लागायचं ते लागू दे. त्या बाईनं इतक्या वर्षांनी हाक मारली अन् शेजारून काही आवाजच आला नाही, असं तर झालं नाही ना. सुखी राहो माय. चहा गार झाला तुमचा, दुसरा सांगतो.