पाणी चाखायचा मान

मंजुळा: थांबवा होडी! अवो, ऐकताय काय? दोर सोडू नका!

जनार्दन: मंजुळे, हळू! मांडवात अख्खं भाईंदर बसलंय. आज बाबा मला पाण्याच्या धर्मादायाचा मुख्य करतायत, नि माझीच बायको धक्क्यावर ओरडतेय!

रामनाथ: भरती लागलीय, सूनबाई. पाणी चढलेलं हाय तोवर होडी मिठागरावर पोचली पायजे. माणसं तहानलेली बसलीत तिथं. काय झालं?

मंजुळा: मामंजी, पिंपातलं पाणी खारट हाय.

जनार्दन: खारट? आत्ता चाखलं मी! आज्यानं ही होडी सुरू केली तेव्हापासून घरचा मुख्य पहिली ओंजळ पितो, 'गोड' म्हणतो, मगच दोर सुटतो. आज माझी पहिली ओंजळ. गोड होतं!

रामनाथ: मीपण प्यालो. गोडच हाय.

मंजुळा: तुम्ही बापलेक जन्मभर मिठागरात. वाऱ्यात मीठ, घामात मीठ. कालवणात कितीही मीठ घाला, 'अळणी झालंय गं' म्हणता. तुमच्या जिभेला कळणार कसं?

रामनाथ: माझ्या जिभेला नावं ठेवतेस? उभी हयात पाणी चाखत आलोय मी!

मंजुळा: मग रागवा, पण आधी मांडवातल्या चुलीशी या. तवा तापलाय. ह्या बाजूला आपल्या विहिरीचं पळीभर पाणी. त्या बाजूला शेजारच्या डोंगरी गावच्या कॅजिटनभाऊंच्या विहिरीचं. आता बघा.

(तवा चरचरतो. मग शांत होतो.)

रामनाथ: जनार्दन... हे पांढरं काय राह्यलंय?

जनार्दन: राख असंल, बाबा.

रामनाथ: राख? आगऱ्याचा पोर तू, मीठ ओळखत न्हायस? कॅजिटनच्या बाजूला तवा कोरा, नि आपल्या बाजूला मीठ पिकलंय! अगं, हे कधीपासून?

मंजुळा: बांध फुटला त्या पावसाळ्यापासून. खाडी विहिरीत झिरपतेय.

रामनाथ: दोन वर्सं झाली त्याला! मिठागरावरचं कुणी बोललं कसं न्हाय?

मंजुळा: फुकट मिळालेल्या पाण्याला नावं कोण ठेवणार? परवा मिठागरावरची रंभा मला हळूच म्हणाली, 'वहिनी, तुमच्या पाण्यात डाळ शिजत न्हाय. पण शेटना सांगू नका, त्यांना वाईट वाटंल.'

रामनाथ: मला वाईट वाटंल म्हणून खारं पाणी पीत राह्यली माणसं! नि मी रोज त्यांच्या नावानं 'गोड, गोड' करत होतो. लाज वाटते रे मला.

जनार्दन: पण आता काय करायचं? लोक खोळंबलेत. लढाईच्या महागाईत हा फेटा मिळवलाय मी!

मंजुळा: पिंपं ओता. कॅजिटनभाऊंनी दोन गाड्या पाणी कबूल केलंय, वाटेतच हायत. अर्धी होडी भरंल. आज ती लेकुरवाळ्यांना आधी. बाकी पुढच्या भरतीला.

रामनाथ: कुणाला विचारून कबूल करून घेतलंस?

मंजुळा: कुणालाच न्हाय. विचारत बसले असते तर होडी गेली असती.

रामनाथ: वा! माझा बाप असाच होता! जनार्दन, फेटा राहू दे डोक्यावर. पण पहिली ओंजळ आजपास्नं हिची. ही 'गोड' म्हणंल तेव्हाच दोर सुटंल.

जनार्दन: म्हणजे मुख्य ही? बाबा, लोक हसतील!

रामनाथ: हसू देत! गोड पाणी पिऊन पोट धरून हसू देत!

जनार्दन: नि मी बायकोच्या हुकमात राहू?

मंजुळा: घरात राहताच की.

जनार्दन: ए! सासऱ्यादेखत... बरं, आण ती बादली. पिंपं मी ओततो. पण बांध मी बांधणार, माझ्या पद्धतीनं. त्यात तू बोलायचं न्हाय.

मंजुळा: बांधा की. पावसाच्या आधी झाला पायजे, एवढंच बोलते.

जनार्दन: बघा! झाली सुरुवात!

मंजुळा: अगोबाई, गाड्या आल्या! उतरवा, उतरवा! (पिंपं ओतून, नव्या पाण्यानं भरून होडीत चढतात.) मामंजी, चाखलं मी. सोडा म्हणावं दोर. नि हे घ्या, तुम्हीपण प्या. किती बोललात सकाळपास्नं, घसा सुकला असंल.

रामनाथ: आण. हां... मंजुळे?

मंजुळा: काय, मामंजी?

रामनाथ: कसं हाय गं हे पाणी?