कळी न ठेवलेलं झाड

आदरणीय सभाध्यक्ष, अधिष्ठाता डॉ. रऊफसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, अलेक्झांड्रियाच्या या वनस्पतिशास्त्र विभागातले माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

आज निवृत्त होणाऱ्या डॉ. इन्शिराह आणि मी नन्सच्या शाळेत एका बाकावर बसायचो. फूल काढायला सांगितलं की आम्ही पाकळ्या रंगवायचो. ही कळी सोलून आत डोकावायची.

"इन्शिराह, उमलू तरी दे तिला!" सिस्टर ओरडायच्या.

"उमलली की सगळ्याच नटतात, सिस्टर. मग कोण कुणाची कळत नाही."

पुढं सूक्ष्मदर्शकाखाली तिनं हेच दाखवलं. एकाच माशीला भुलवायला नटलेली दोन परकी फुलं बहिणी वाटतात, आणि सख्ख्या बहिणी परक्या. पण टाचणीच्या टोकाएवढ्या कळीत कुठला अवयव आधी उगवतो, कुठला पुंकेसर डोकं वर काढून तिथंच थबकतो, यावरून घराणं ओळखता येतं.

आणि तिची उम्म नदा, म्हणजे ‘दवाची आई’! मरियूतच्या टेकाडावरचं ते निळं झुडूप कुणाच्या कुळातलं, एवढं एकच इन्शिराहला निवृत्तीपूर्वी सांगायचं होतं. ते दुसरीकडे कुठंच उगवत नव्हतं, आणि टेकाडावर आज सुट्टीतले बंगले आहेत. जुनं बी पेरून पाहिलं, रुजलं नाही. आपल्या संग्रहात वाळवलेले नमुने मात्र भरपूर हो! पण पिढ्यानपिढ्या आपण फुललेलीच फांदी दाबून ठेवली. कळ्या कागदावर नीट बसत नाहीत, म्हणून खुडून टाकल्या. कुणाला दोष द्यावा?

परवा शेवटचं कपाट बंद करताना ती म्हणाली, "मार्सेल, उम्म नदाच्या लग्नाचे फोटो ढीगभर आहेत गं. बाळपणाचा एकही नाही."

असो. सकाळी फूलवाल्या हाजी फत्हींना म्हटलं, मिटलेल्या कळ्यांचाच गुच्छ द्या. "मादाम, निरोप आहे की बारसं?" ते हसले. "लोक म्हणतील, फत्हीनं कच्चा माल गळ्यात मारला!"

इन्शिराह, हा घे तो गुच्छ. घरी पाण्यात ठेव. आणि या खेपेला, अगं, सोलू नकोस. उमलू दे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. उम्म नदाचीही क्षमा मागितली असती. पण ती द्यायला आता तीच नाही.