हरभऱ्यावरचं फडकं

राम राम मंडळी.

पारावर एवढी माणसं जमली. कोणी आष्टीहून आलं, कोणी परतूरहून. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, वैनीला घेऊन जालन्याच्या मस्तगडातून आले. पाटलांनी मला बोलाया उभं केलं. मी मेंढरामागं फिरणारा माणूस, चारचौघांत बोलायची सवय न्हाई. आवाज कापला तर थंडीनं कापला समजा.

माय गेली. बा मागल्या हिवाळ्यातच गेल्ता.

पाटील आताच बोलले, का मायच्या हातची आंब साऱ्या गावानं घेतली. खरं हाय. बाहेरून आलेल्यांना सांगतो. थंडीत हरभऱ्यावर दव पडतं, ते आंबट होतं. माय सांजच्याला आमच्या वावरातल्या हरभऱ्यावर जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं पसरायची. दिवस उगवला का ते ओलं फडकं वाडग्यात पिळायची अन् ती आंब बाटलीत भरून ठेवायची. कोणाचं पोट दुखलं का त्याची वाट आमच्या दाराशी. इथं बसलेल्या कितीजणांची तोंडं वाकडी झालेली मी पाह्यलीत! हसा, हसा. मायला चाललं असतं.

अन् हसण्यावरूनच मला बोलायचं हाय.

गावात बोलणं झालं, माझ्या कानावर आलं. परवा सकाळी मी माळावर आमच्या दोन कुत्र्यांसंग, काळ्या अन् चांदीसंग, धावून राह्यल्तो, मोठ्यानं हसून राह्यल्तो. कोणीतरी पाह्यलं. "माय जाऊन पंधरवडा न्हाई झाला, अन् ह्याला खेळ सुचून राह्यला!" दादालाबी ते लागलं. दादा म्हणाले, "एकटा राहून तू बिघडशील. मेंढरं इकून टाक अन् मस्तगडात चल. कापसाच्या जिनात कामाला लावून देतो." मी इचारलं, "अन् हे दोघं?" दादा म्हणाले, "गल्लीत कुत्र्यांचं काय करतो? राहतेन गावात, कोणाच्याबी भाकरीवर."

दादा मायेनंच बोलले. मला राग बिलकुल न्हाई.

पण मंडळी, मी काहून हसलो, ते तर ऐका.

हिवाळा म्हंजे आमच्या घरचा सण होता. बा झुंजुमुंजूलाच मेंढरं घेऊन निघायचा. बांधाच्या उगवतीच्या अंगाला घोंगडी अंथरायचा अन् उन्हाची वाट पाहत बसायचा. एका मांडीला काळ्या, दुसऱ्या मांडीला चांदी. तिघांच्याबी नाकातून वाफा. ऊन अंगावर आलं का बा म्हणायचा, "हैदराबादच्या सरकारालाबी असं ऊन भेटत नसंल रे." अन् खरंच, त्या उन्हात बसलं का कशाचीच कमी वाटत नव्हती.

माय तिकडं फडकं उचलाया वाकायची. तेवढ्यात हे दोघं सुटायचे, ते थेट फडक्यावरून! मातीचे पाय साऱ्या फडक्यावर. माय ओरडायची, "मुडद्यांनो, तुमच्या पायाचं औषध गावाला पाजू का?" अन् बा घोंगडीवर लोळून हसायचा. रोज हेच. रोज. ओरडा बसावा म्हणूनच ते पळायचे, असं बा म्हणायचा. बा गेल्यावरबी माय फडकं पसरतच राह्यली. कुत्रे पळतच राह्यले, ती ओरडतच राह्यली. हसाया मी एकटा उरलो होतो.

परवाचं सांगतो. शेजारच्या गिरजामामीचं पोट दुखून राह्यलं होतं अन् बाटली सरली होती. मंग आदल्या सांजेला मायचं फडकं मी पसरलं. सकाळी हिव असं, का बोटं वळत नव्हती. मी वाकलो, अन् आले हे दोघं. गेले फडक्यावरून! मला हसू फुटलं, बा हसायचा तसंच. मी त्यायच्या मागं धावलो. हां, धावलो. वारा तोंडाला झोंबत होता, ऊन कोवळं होतं, पुढं हे दोघं उड्या मारत होते. लई दिवसांनी जीव हलका झाला. ते मी नाकारणार न्हाई.

मंग ते थांबले. मागं वळून उभे राह्यले. शेपट्या हलवत, माझ्याकडं पाहत. कशाची वाट पाहून राह्यल्ते? ओरड्याची. त्यायला मायचा ओरडा पायजे होता. मी म्हणालो, "मुडद्यांनो..." अन् तिथंच बांधावर बसलो.

ज्यानं मला पाह्यलं, तो माझं हसणं पाहून गेला. जरा थांबला असता तर मी बांधावर तोंड झाकून बसलेलाबी दिसलो असतो.

दादा, तुमच्या घरी मला काहीच कमी पडणार न्हाई. पण तिथं मायची आठवण आली तर मी कोणाकडं पाहू? तुम्ही जिनात, वैनी कामात. मी एकटा हाय, लई एकटा हाय. सांजच्याला घर खायाला उठतं. पण इथं अजून दोन जीव हायेत, ज्यायला तीच पायजे. त्यायला दुसऱ्याच्या भाकरीवर सोडून मी कुठं येऊ?

म्हणून मी येणार न्हाई. फडकं मीच पसरीन. ज्याला आंब लागंल त्यानं यावं. पहिल्यापेक्षा जरा मातकट लागंल, तेवढं सांभाळून घ्या.

आता बासाठी अन् मायसाठी आपण सारे उठून जरा उगं उभं राहू. पाराखाली काळ्या अन् चांदी बसलेत, त्यायला कोणी हाकलू नका. सारे गप झाले का ते कान टवकारतेन. त्यायला वाटंल, आता माय ओरडंल. मलाबी वाटंल.

थोडा वेळ वाटू द्या.