क्लिनरच्या बाजूची सीट

कोल्हापुरात हाडाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं. बाईंच्या हातात काठी.

"खरं सांगा, ट्रक इकला न्हवं? आठवडा झाला दारात दिसंना."

"इकला न्हाय, गंगव्वा. उद्यमनगरात मिस्त्रीकडं हाय."

"काय झालं त्याला?"

"पुढनं चेसी, खालचा सांगाडा, कापून घेतली. वीतभर खाली आलाय."

"कापली? तुम्ही? एक ओरखडा उठला तर जेवत न्हवता की!"

"मिस्त्रीबी तेच म्हणाला. कापताना मी भाईर जाऊन बसलो. बघवंना."

"मग कशाला कापायची ती?"

"डाक्टर म्हणालाय, नवा गुडघा लई वर उचलायचा न्हाय."

"माझ्या गुडघ्याचा आन् ट्रकचा काय संबंध?"

"आता पायरी खाली आलीया. क्लिनरच्या बाजूला जाड गादीबी टाकलीया."

बाईंनी काठी बाकाला टेकवून ठेवली.

"लगीन झाल्यापासनं ट्रकचा मागचा फाळकाच बघत आले मी. वळणावर दिसंनासा झाला की घरात."

"कवा म्हणाली न्हाईस, मला बी यायचंय म्हणून."

"तुम्ही कवा इचारलं?"

"आता इचारतोय. कुठं जायचं?"

"खड्ड्यात घासंल की खालनं."

"घासू दे. माल भरायचा न्हाय आता, सावकाश जाऊ. कुठं, ते सांग."

"आजऱ्याला. माझ्या भावाच्या दारात. आन् हॉर्न मी वाजवणार."