पायलट बाहेरच राहिला

विमान चालवणाऱ्याला वरून आपलं पनवेल दिसतं का? मी खूप जणांना विचारलं, कोणी सांगितलं नाही. माझ्या दादाने बोटीवरच्या मित्राकडून प्लॅस्टिकच्या जेट विमानाचे सुटे भाग आणले होते, त्यात बोटभर पायलटही होता. कॉकपिटमधली इवलीशी घड्याळं त्याने काडीच्या टोकाने रंगवली. मला दम निघेना. तो जेवायला उठला तसा मी वरची काच चिकटवून टाकली.

दादा येऊन हसतच सुटला. “आरं येड्या, पायलट भायेरच रायला नं!”

“काच काढू?”

“नको, फुटंल. मंग बगू.”

मग दादाला कावीळ झाली आणि तो गेला. तेराव्याच्या दिवशी मी ती काच ब्लेडने सोडवली, पनवेल दिसावं म्हणून पायलटची मान दिव्यावर धरून जरा खाली वाकवली आणि त्याला आत बसवलं.